जर्मन की जपानी? मराठी मुलांसाठी कोणती भाषा सोपी?



दहावी-बारावीचा निकाल लागला की नाशिकमध्ये बरेच पालक एक प्रश्न हमखास विचारतात: "मुलाला परकीय भाषा शिकवायची आहे, जर्मन लावू की जपानी?" सातपूरला बॉशचा कारखाना आहे, त्यामुळे जर्मनीचं नाव इथे घरोघरी माहीत आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यातही कुशल कामगारांसाठी करार झाला आहे. म्हणजे दोन्ही दारं उघडी आहेत. पण फी भरण्याआधी या दोन भाषा आपल्या मराठी मुलाला कशा वाटतील, हे बघायला हवं. 'जपानी फार अवघड' किंवा 'जर्मन इंग्रजीसारखीच' ही मतं बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून आलेली असतात. मराठीतून पाहिलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

१) उच्चार
'चार' मधला च आणि 'चूल' मधला च वेगळा, हे आपलं मूल न शिकवता बोलतं. 'चूल' मधला हा च दोन्ही भाषांत लागतो. जपानी 'त्सुनामी' आणि जर्मन 'त्सुकर' (साखर) या दोन्ही शब्दांची सुरुवात त्याच उच्चाराने होते. जपानीचे बाकीचे उच्चारही मराठी जिभेला फारसा त्रास देत नाहीत. जर्मनमध्ये दोन-तीन स्वर नवीन आहेत. त्यातला एक ओठ 'ऊ' सारखे गोल करून 'ई' म्हटल्यावर येतो. थोड्या सरावाने जमतो.

२) लिपी
जर्मनची लिपी रोमन. २६ अक्षरं आणि वर चार जास्तीची. जसं लिहिलं तसं बहुतेक वाचायचं, त्यामुळे स्पेलिंगचा जाच इंग्रजीपेक्षा कमी.
जपानीत हिरागाना आणि काताकाना अशा दोन लिपी आहेत. प्रत्येकीत ४६ मूळ चिन्हं. हिरागानाचा क्रम पाहा: आ, इ, उ, ए, ओ; मग क, स, त, न, ह, म, य, र, व या ओळी. ही जवळजवळ आपली बाराखडीच! ज्या बौद्ध धर्माच्या खुणा आपण पांडवलेण्यांत पाहतो, त्याच धर्माबरोबर संस्कृत वर्णमालेचा अभ्यास जपानपर्यंत गेला आणि हा क्रम त्यातून आला.
खरी चढण पुढे आहे. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी, म्हणजे चित्राक्षरं, २१३६ आहेत. त्यांना शॉर्टकट नाही. रोज थोडं लिहिणं हाच उपाय.

३) वाक्यरचना
इथे जपानी आपल्या शेजारची वाटते. 'मी पुस्तक वाचतो' हे जपानीत 'वाताशी वा होन ओ योमिमास'. कर्ता, कर्म, क्रियापद, क्रम तोच. विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखेच शब्दामागे लागतात: 'नाशिकहून पुण्यापर्यंत' म्हणजे 'नाशिक कारा पुणे मादे'. प्रश्न विचारताना शेवटी चक्क 'का' येतो: 'योमिमास का?' म्हणजे 'वाचता का?' हा योगायोग आहे, पण मुलांना तो भारी आवडतो!
जर्मनमध्ये साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी असतं: 'इश लेझं आइन बूख'. पण 'कारण' आलं की ते थेट शेवटी जातं: 'वाइल इश आइन बूख लेझं', अगदी 'कारण मी पुस्तक वाचतो' सारखं. इंग्रजीतून शिकणारा इथे अडखळतो. मराठीतून विचार करणाऱ्याला ही जागा ओळखीची असते.

४) लिंग आणि विभक्ती
जपानीत नामांना लिंग नाही. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. ते पुस्तक, तसंच जर्मनमध्येही नपुंसकलिंगी. पण ती खुर्ची तिथे पुल्लिंगी, ती खिडकी नपुंसकलिंगी आणि 'मुलगी' साठीचा शब्दसुद्धा नपुंसकलिंगी. (आपणही 'ते पोर' म्हणतोच ना?) त्यामुळे प्रत्येक शब्द लिंगासकट पाठ करावा लागतो. विभक्ती चारच. ज्याने शाळेत संस्कृतच्या आठ विभक्ती केल्या, त्याला त्यांची भीती नसावी.

५) संख्या
पंचवीस म्हणजे पाच आणि वीस. जर्मनही असंच म्हणते, 'पाच-आणि-वीस'. जपानी म्हणते 'दोन-दहा-पाच'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आली आणि मोठा वाद झाला, तो आठवतो ना? जपानी मूल जवळपास त्याच पद्धतीने मोजतं.

मग निवड कशी करायची?
जर्मनमध्ये कष्ट सुरुवातीला जास्त: लिंग, विभक्ती, क्रियापदाची जागा. हे पक्कं झालं की पुढचा रस्ता बराच सरळ. जपानीत उलट आहे. पहिले काही महिने सोपे आणि आनंदाचे, मग कांजीची वर्षानुवर्षांची चढण. नियम आवडणाऱ्या मुलाला जर्मन लवकर रुचेल. ज्याला चित्र काढायला, रोज थोडं थोडं गिरवायला आवडतं, तो जपानीत टिकेल.
ध्येयही बघा. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-२ पातळी लागते. जपानच्या 'विशेष कुशल कामगार' व्हिसासाठी बहुतेक कामांना एन-४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते. 'तीन महिन्यांत परदेशी' अशी जाहिरात दिसली, तर तीन महिन्यांत कोणती पातळी पूर्ण होणार, हे आधी विचारा. नियम बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी दूतावासाची माहिती जरूर तपासा.

शिक्षकांना एक विनंती. बरेच क्लास या भाषा इंग्रजीतून शिकवतात. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला मग वाटतं, आपल्याला जर्मनच जमत नाही. खरं तर त्याच्याकडे तीन लिंगं, विभक्ती आणि शेवटी येणारं क्रियापद, हे सगळं मराठीतून आधीच आलेलं असतं. त्याला फक्त ते दाखवून द्यायचं आहे.

घरी करून पाहा: मुलाला पाच मराठी वाक्यांतले कर्ता, कर्म, क्रियापद आणि प्रत्यय ओळखायला सांगा. मग दोन्ही भाषांचे आठ-आठ दिवस फुकट उपलब्ध असलेले धडे ऐकवा. कोणती वही तो न सांगता उघडतो, तेवढं पाहा. फी त्यानंतर भरा.