शर्यतीच्या सायकलीची फ्रेम : आधी माप, मग धातू

गेल्या वर्षी शिकवणीचे साठवलेले पैसे आणि दादाकडून उसने घेतलेले पैसे मिळून मी एक वापरलेली शर्यतीची सायकल घेतली. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, एका हाताने सहज उचलता येईल अशी. पण बेळगावहून खानापूरला जाऊन येईपर्यंत मान आखडे आणि कंबर धरे. तीन महिन्यांत ती चार हजार रुपये तोट्याने विकावी लागली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तोट्याचे कारण शोधले पाहिजे. ते शोधताना जे समजले, ते येथे मांडतो.

फ्रेम म्हणजे मुख्यतः दोन त्रिकोण. वरचा दांडा, खालची तिरकी नळी आणि सीटची उभी नळी यांचा पुढचा मोठा त्रिकोण. मागचे चाक धरणारा लहान त्रिकोण. बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचे कोन बदलत नाहीत. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला हा आकार आजही टिकून आहे.

आता कोनांकडे वळू. दूधवाल्याची सायकल आठवा. तिची हँडलची नळी बरीच मागे कललेली असते आणि दोन चाकांमधले अंतर मोठे असते. ओझे घेऊन खड्ड्यांतून जायला ते सोयीचे. शर्यतीच्या सायकलीत ही नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करते आणि दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर जेमतेम एक मीटर असते. त्यामुळे ती चटकन वळते.

या नळीची रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत ओढा. टायर जमिनीला टेकतो ती जागा या रेघेच्या किंचित मागे असते. या अंतराला 'ट्रेल' म्हणतात. चिमट्याचा पुढचा बाक ४५ मिलिमीटर धरला, तर ७३ अंशांना ट्रेल सुमारे ५६ मिलिमीटर येतो, ७२ अंशांना सुमारे ६२. ट्रेल वाढला की सायकल सरळ रेषेत स्थिर राहते. कमी झाला की चपळ होते, पण सतत लक्ष मागते. फ्रान्समधील पॅरिस-रुबे ही शर्यत ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून जाते. तेथे थोडी लांब फ्रेम आणि रुंद टायर पसंत केले जातात, ते याच विचाराने.

धातूंविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे, हे खरे. पण त्याचा ताठपणाही सुमारे एक तृतीयांशच! मग फायदा कोठून? नळीच्या जाडीतून. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, पण ताठपणा आठपट. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जाडजूड दिसतात. पोलादातही कारागिरी आहेच. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळ्यांचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९७ साली घेतले गेले आणि १९३५ साली आलेली 'रेनॉल्ड्स ५३१' ही मिश्रपोलादाची नळी कित्येक दशके शर्यतींत वापरली गेली. आज कार्बन तंतूंचे राज्य आहे. तंतू हव्या त्या दिशेने बसवता येतात, म्हणून फ्रेम एका दिशेने ताठ आणि दुसऱ्या दिशेने लवचीक करता येते. मात्र आपटल्यावर आतल्या आत पडलेली भेग बाहेरून दिसेलच असे नाही. वापरलेली कार्बन फ्रेम घेणाऱ्याने हे विसरू नये.

आता हिशेब. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरू. एक किलो कमी केला, तर तासाभराच्या खड्या चढावर सुमारे ४५ सेकंद वाचतात. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगात मुख्य झगडा वाऱ्याशी असतो, आणि वारा अडवते ते प्रामुख्याने स्वाराचे शरीर. म्हणजे वजनापेक्षा बैठक महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलो ठरवले आहे. त्याच्या जवळ जाताना प्रत्येक शंभर ग्रॅमची किंमत वाढत जाते. घटत्या फलाचा नियम आपण वर्गात शिकतो, तो येथे डोळ्यांनी दिसतो.

मग माझे चुकले कोठे? वसतिगृहातल्या माझ्या विजापूरच्या मित्राने शिवणाची टेप घेऊन माझे पाय, धड आणि हात मोजले आणि फ्रेमचा दांडा मला तीन सेंटिमीटर लांब होता असे सांगितले. मी वजन पाहिले, धातू पाहिला. स्वतःचे माप पाहिलेच नाही. तो हसून म्हणाला, "मोदलु अळते, आमेले बेले." आधी माप, मग किंमत!

आता माझ्याकडे जुन्या पोलादी फ्रेमची सायकल आहे. दोन किलो जड, पण अंगाला बसणारी. खानापूरहून परतल्यावर मान दुखत नाही. दादाचे पंधराशे रुपये अजून देणे आहेत. माझ्या वहीत मी ते 'शिक्षणखर्च' या सदराखाली मांडले आहेत.

(बी. कॉम., तृतीय वर्ष)