थंड रात्री व बटाट्याचे पोसणे

बटाटा हे मूळ नसून जमिनीतील फांदीचे फुगलेले टोक होय. दिवसा पानांत तयार झालेली साखर तेथे जाऊन पिठाच्या रूपाने साठते. रात्रीचे उष्णतामान १५ ते १८ अंश सेल्सियस असल्यास हे कार्य उत्तम चालते. २० अंशांपुढे ते मंदावते. उष्ण रात्री बरीचशी साखर श्वसनातच खर्ची पडते, पाला माजतो व बटाटे थोडे धरतात. हिरवेगार शेत पाहून पुष्कळ शेतकरी फसतात ते येथेच. अशा वेळी नत्रखत वाढविल्यास पालाच वाढतो. पुणे जिल्ह्यात रब्बीची लागण नोव्हेंबरच्या मध्यापूर्वी उरकावी, म्हणजे बटाटे धरून पोसण्याचा काळ डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येतो. लागण फारच लांबल्यास फेब्रुवारीची ऊब बटाटे बारीक ठेवते. उष्णता अधिक सोसणारे ‘कुफरी सूर्या’ हे वाण उपलब्ध आहे. परंतु त्यालाही थंड रात्रीच मानवतात.