पहिले शील आणि नदीतला मोठा मासा



नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबात पंचशीलाचा अभ्यास सुरू झाला की पहिल्याच शीलापाशी एक प्रश्न हमखास निघतो. "गुरुजी, आम्ही कृष्णाकाठची माणसे. मासे आमच्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मग प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे शील घेऊन आम्ही ते रोज मोडतो काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला लाजून गप्प बसण्याचे कारण नाही. आजच्या पाठात आपण त्याचे उत्तर शोधू. त्यासाठी एक वेगळे उदाहरण घेऊ : जो माणूस पोटासाठी नव्हे, तर नावासाठी नदीतला सर्वांत मोठा मासा गळाला लावतो, त्याचे उदाहरण.

१. गरज आणि इच्छा

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेचा विचार करताना त्यांनी एक महत्त्वाचा भेद दाखविला आहे. जीव घेण्याची गरज ही एक गोष्ट आणि जीव घेण्याची इच्छा ही दुसरी गोष्ट. जेथे गरज नाही, केवळ मारण्याची इच्छा आहे, तेथे भगवंतांचा निषेध स्पष्ट आहे. अहिंसा हा आंधळा नियम नसून विवेकाने वापरावयाचे तत्त्व आहे, असा याचा अर्थ.

हा भेद नीट समजला की आपल्या प्रश्नाचा अर्धा उलगडा होतो. पावसाळ्यात काम नसताना जो भोई बांधव जाळे टाकून चार मासे आणतो आणि विकून घर चालवितो, त्याला कोणी सुखवस्तू माणसाने पापी म्हणणे धम्माला धरून नाही. मत्स्याहार सोडता आला तर उत्तमच. परंतु ज्याचे पोट भरलेले आहे आणि जो केवळ मौजेसाठी गळ टाकतो, त्याला मात्र गरजेचा आधार उरत नाही.

उदान या पाली ग्रंथात एक प्रसंग आहे. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले मासे पकडून त्यांना पीडा देत होती. भगवंत त्या वाटेने चालले होते. त्यांनी मुलांवर डोळे वटारले नाहीत, नरकाची भीती घातली नाही. तुम्हाला दुःखाचे भय वाटते का, तुम्हाला दुःख नकोसे आहे का, एवढेच विचारले. मुले म्हणाली, होय. मग उघडपणे वा लपून, कसेही दुष्कर्म करू नका, असा उपदेश त्यांनी केला. शिक्षकाने शिकवावे ते असे. स्वतःच्या अनुभवावरून दुसऱ्याचे दुःख ओळखणे हीच करुणेची पहिली पायरी होय.

२. मिरवण्यासाठी मासेमारी

आपल्या देशात गळाच्या मासेमारीचा खेळ म्हणून डांगोरा पिटला तो इंग्रज अंमलदारांनी. मद्रास इलाख्यातील एच. एस. थॉमस नावाच्या अधिकाऱ्याने १८७३ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांचा सर्वांत लाडका शिकार-मासा म्हणजे महाशीर. वाघाचे कातडे भिंतीवर टांगावे, तसा मोठा महाशीर धरून त्याचे वजन करावे, फोटो काढावा, पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवावा, अशी रीत पडली. १९४६ साली म्हैसूरकडील कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर धरला. त्या विक्रमाचे नाव शौकीन मंडळी अजून काढतात. साहेब गेले, पण शौक राहिला. आज भिंतीऐवजी मोबाइलवर फोटो झळकतो, एवढाच फरक.

३. हा मासा आपलाच

महाशीर परका नाही. कर्नल सायक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतील महाशीराचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच्या नावात 'खुद्री' हा इथला शब्द ठेवला. दख्खनचा महाशीर तो हाच. मोठे खवले, जाड ओठ, वाहत्या स्वच्छ पाण्याची आणि खडकाळ डोहांची आवड, ही त्याची ओळख. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाळू-गोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा मासा सावकाश वाढतो, आणि अतिशय मोठे मासे बहुधा माद्या असतात. मादी जितकी मोठी तितकी अंडी अधिक. म्हणून सर्वांत मोठा मासा निवडून मारणे म्हणजे पुढच्या पिढ्यांचे बियाणेच खाऊन टाकणे. शेतकरी पेरणीसाठी उत्तम कणसे राखून ठेवतो, शौकीन नेमके तेच आधी उचलतो.

त्यात आपल्या नद्यांवर धोम, कण्हेर, कोयना, वारणा अशी धरणे झाली. त्यांनी शेताला पाणी व घराला वीज दिली, हे खरे. पण माशाची वर चढण्याची वाट अडली, हेही खरे. अशा अडचणीत सापडलेल्या जिवावर हौसेचे ओझे आणखी कशाला?

४. सोडून दिला तर?

शौकीन म्हणतात, आम्ही मासा मारत नाही, फोटो काढून परत सोडतो. हा युक्तिवाद ऐकून घेतला पाहिजे. कर्नाटकात कावेरीकाठी अशा मासेमारीचे तळ होते. तेथे चोरून सुरुंग लावणाऱ्या काही माणसांनाच राखणदारीचे काम मिळाले आणि नदीचा तो टप्पा राखला गेला. तेथील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींवरून शास्त्रज्ञांना माशांची स्थितीही कळली. पुढे वन्यजीव कायद्यामुळे अभयारण्यातील ही मासेमारी बंद झाली.

त्याच नोंदींनी दुसरी गोष्टही उघड केली. आपल्या लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून दख्खनच्या महाशीराची कृत्रिम पैदास होते. जातीचे रक्षण हा हेतू चांगला होता. पण तेथील पिल्ले कावेरीत सोडली गेली, ती वाढली आणि कावेरीचा मूळचा कुबड असलेला महाशीर मागे पडत गेला. २०१८ साली त्याचे शास्त्रीय नाव निश्चित झाले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. गळाला भरपूर मासे लागावेत या हौसेने नदी भरली, पण नदीचा स्वतःचा मासा हरवत चालला. हेतू कुशल असला तरी प्रज्ञा नसेल तर काम बिघडते, याचे हे उदाहरण होय.

आणि सोडलेला मासा सुखरूप जातो असे धरून चालू नये. मासा जितका मोठा तितकी झुंज लांबते आणि तो तितका थकतो. त्यात फोटोसाठी पाण्याबाहेर धरला की त्याचा श्वास कोंडतो. तो जगलाही, तरी प्रश्न उरतो : त्या वेदनेची गरज कोणाला होती?

"नदीच विषारी झाली आहे, एका गळाने काय होणार?" असेही कोणी म्हणेल. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत असंख्य मासे मरून तरंगले, ते आपण विसरलेलो नाही. त्या प्रदूषणाविरुद्ध बोललेच पाहिजे. पण दुसऱ्याच्या मोठ्या अपराधाने आपला लहान अपराध धुऊन निघत नाही.

५. भीतीने राखलेला डोह

रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड नावाचा डोह आहे. तेथे महाशीर निर्भयपणे फिरतात, कारण देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी धरत नाही. याच महाड तालुक्यात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्यावरचा आपला हक्क बजावला.

वाळण कोंडचे मासे वाचले, ही आनंदाची गोष्ट आहे. गावकऱ्यांनी जे राखले त्याची टिंगल करू नये. परंतु आपण दैवी कोपाची भीती सोडून धम्मात आलो आहोत. भीती गेली म्हणून आपला संयमही गेला, तर शेजारी काय म्हणतील? जेथे देवीचा डोह नाही, तेथेही मोठ्या माशाला जगू देणे, कोणी पाहत नसताना जगू देणे, हे शील होय. नदीच्या पाण्यावर आपण माणूस म्हणून हक्क सांगितला. त्या पाण्यात राहणाऱ्यांविषयीचे कर्तव्यही मग आपलेच.

६. घरी काय करावे

(अ) पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला मुले धावतात. त्या माशांच्या पोटात गाभोळी असते. ते दिवस माशांना मोकळे सोडावेत आणि मुलांना त्यामागचे कारण सांगावे.

(आ) सुरुंग किंवा विष टाकून मासे मारू नयेत. १८९७ च्या मत्स्य कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय त्यात पिल्लांसह सगळा डोह मरतो.

(इ) कोयना व चांदोली हा संरक्षित जंगलाचा भाग आहे. तेथे परवानगीशिवाय मासे धरू नयेत.

(ई) जाळ्यात अवचित मोठा महाशीर आला तर तो ओल्या हातांनी, पाण्यातच सोडावा. फोटोसाठी उचलू नये.

(उ) खाण्यासाठी मासे घ्यावयाचे तर लागतील तेवढेच घ्यावेत. तळ्यात वाढविलेले कटला-रोहू मिळत असतील तर नदीवरचा भार कमी करावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गरज आणि इच्छा यांतील भेद आपल्या घरातील एका उदाहरणाने सांगा.
२. भगवंतांनी मुलांना मनाई करण्याआधी प्रश्न का विचारला असेल?
३. भीतीने पाळलेला नियम आणि समजून पाळलेले शील यांत काय फरक आहे? आई-वडिलांनी व मुलांनी एकत्र बसून चर्चा करावी.

जय भीम.