आधी दुर्बीण की कॅमेरा?

प्रश्न : आकाशनिरीक्षण आणि खगोलछायाचित्रण शिकू इच्छिणाऱ्याने सुरुवातीला काय विकत घ्यावे?

उत्तर : प्रथम आकाशाची ओळख व्हावी आणि त्यासाठी १० × ५० ची, म्हणजे दहापट मोठे दाखवणारी व ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची बायनॉक्युलर पुरेशी असते, तिच्यातून हिवाळ्यात मृगातील तेजोमेघ आणि कृत्तिकांचा तारकागुच्छ सुरेख दिसतो. डळमळीत तिपाईवरची स्वस्त दुर्बीण मात्र नवख्याचा उत्साहच मारते.

छायाचित्रणासाठी हाताशी असलेला कॅमेरा आणि भक्कम तिपाई चालते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्यामुळे स्थिर कॅमेऱ्यात तारे बिंदूंऐवजी रेघा होऊन उमटतात. म्हणून ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने, म्हणजे भिंगावर मिलिमीटरमध्ये छापलेल्या आकड्याने, भागून येणारे सेकंद ही शटर उघडे ठेवण्याची ढोबळ मर्यादा मानली जाते. ५० मिलिमीटर भिंगाला ती १० सेकंद येते आणि लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात त्याहूनही कमी. ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारी विषुववृत्तीय बैठक नंतर घेता येते.

१९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी संस्थांच्या आकाशदर्शनास जाऊन निरनिराळ्या दुर्बिणींतून पाहावे आणि मगच खरेदी ठरवावी.