घास कोणत्या वाटेने जातो?

गेवराई तालुक्यातील ज्या घरांत पक्षाघाताच्या झटक्यानंतर वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले आहे, तेथील मंडळींस माझी पहिली विनंती अशी की, पाणी पिताना त्यास लागणारा ठसका वार्धक्याचा म्हणून सोडून देऊ नये, आणि तो शमावा म्हणून वर आणखी पाणी तर मुळीच पाजू नये. घशात श्वासमार्ग व अन्नमार्ग एकमेकांस छेदतात. घास उतरताना सुमारे एका सेकंदाच्या अवधीत स्वरयंत्र वर उचलले जाते, कंठच्छद (श्वासमार्गावरील झाकण) झुकतो, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचे मुख उघडते. पक्षाघाताने, कंपवाताने किंवा घशाच्या कर्करोगावरील उपचारांनी हा क्रम ढळला, म्हणजे पाण्यासारखा पातळ पदार्थ सहज श्वासनलिकेत उतरतो. आणि कित्येक रुग्णांत तेथील संवेदनाच मंदावल्यामुळे ठसकाही लागत नाही. हे मला सर्वांत भयंकर वाटते, कारण घरचे निर्धास्त राहतात आणि रुग्ण वारंवार ताप व न्यूमोनियाने खंगत जातो.

बाहेरून कितीही निरखले तरी याची खातरजमा होत नाही. त्यासाठी क्ष-किरणांनी गिळण्याची चलच्चित्रे घेतात. राँटगेन यांनी लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधाला जेमतेम वर्ष लोटले असता, 1896 मध्ये, हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्राण्यांचे गिळणे याच मार्गाने पाहिले; पुढे अमेरिकेतील वाचातज्ज्ञ जेरी लोगमन यांनी रुग्णांसाठी या परीक्षेस पद्धतशीर रूप दिले. रुग्णास जेवावयास बसवावे तसे बसवून बेरियम मिसळलेले पाणी, दाट पदार्थ व चावण्याजोगा घास थोडाथोडा देतात आणि सेकंदाला 30 पर्यंत चित्रे टिपतात. हनुवटी खाली घेतल्याने, मान वळवल्याने वा पाणी दाट केल्याने श्वासमार्ग वाचतो काय, हे तेथेच दिसते. एकास तारणारी युक्ती दुसऱ्यास अपायकारक ठरते, म्हणून शेजाऱ्याचा इलाज उचलू नये. आपल्याकडे आजाऱ्यास दुधात कुस्करलेली भाकरी मायेने भरवतात. परंतु तीत भाकरी चावून होण्यापूर्वीच दूध घशात ओघळते, तेव्हा घरचा हा आहार डॉक्टरांना अवश्य सांगावा.

किरणांची मात्रा अल्प असते. तरीही गर्भवती स्त्रीने आपली अवस्था आधी कळवावी.

पाणी पिताच आवाज घोगरा-ओलसर होणे, अन्न नाकावाटे येणे, वजन घटणे, ताप उलटणे, यांपैकी काही दिसल्यास हयगय न करता गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे, तेथून चिठ्ठी घ्यावी आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा व क्ष-किरण विभागांत या तपासणीची चौकशी करावी. तोवर रुग्णास आडवे ठेवून काहीही भरवू नका, आणि त्याचे तोंड दोन्ही वेळा स्वच्छ करा.