कॅमेरा घ्यायचाय? आधी अंधार मोजा!

"कोणता कॅमेरा घेऊ गं?" हा प्रश्न हॉस्टेलमध्ये दर सुट्टीच्या आधी मला कुणीतरी विचारतंच. कुणाला ट्रिपला न्यायचा असतो, कुणाच्या ताईचं लग्न असतं, तर कुणी रील्समध्ये जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची फॅशन बघून पेटलेलं असतं. पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं, "चौसष्ट मेगापिक्सेलचा मिळतोय, घेऊन टाकू का?" माझं उत्तरही आता ठरलेलं आहे. थांब. तुला हवा असलेला सगळ्यात कमी उजेडातला फोटो कोणता, ते आधी सांग.

हा अभ्यास मी घरच्या कामासाठी केला. पेण माझं गाव आणि रोहा माझं आजोळ. रोह्याच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. एका पौर्णिमेपासून दुसरी पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवसांनी येते, म्हणजे हजार पौर्णिमा बघायला ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात. करा गुणाकार! आजीच्या लोखंडी कपाटात फोटोंचे सहा अल्बम आहेत आणि शेवटच्या अल्बममधला शेवटचा फोटो २००९ सालचा आहे. नंतरचं सगळं मोबाइलमध्ये, आणि त्यातलं बरंचसं मामाच्या दोन बंद पडलेल्या फोनबरोबर गेलं. आजी फोन वापरत नाही. तिच्या दृष्टीने गेल्या पंधरा-सोळा वर्षांत घरात कुणी फोटो काढलेलाच नाही. माझी धाकटी मामेबहीण त्या अल्बममध्ये कुठेच नाही.

म्हणून मामा, मावशी आणि आईने मिळून पैसे काढले आणि निवड माझ्यावर सोपवली. का, तर "ती इंजिनिअरिंगला आहे ना!" बजेट एका मध्यम फोनएवढं. धाटावच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या मामाची एकच अट होती, "तीसपट झूम पाहिजे. अवचितगडावरून खालचं रोहा दिसलं पाहिजे."

मेगापिक्सेलचं गणित

अल्बममध्ये लावतो तो फोटो ४ बाय ६ इंचांचा. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले, तर १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार पिक्सेल. सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाही! ८ बाय १२ ला साडेआठ-पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात आणि भिंतीवर लावायच्या १२ बाय १८ ला साडेएकोणीस. थोडक्यात, २० मेगापिक्सेलमध्ये घरातलं सगळं काम होतं. कधी न ऐकलेल्या नावाच्या स्वस्त कॅमेऱ्यावर ४८ किंवा ६४ लिहिलेलं असेल, तर बहुतेक वेळा आत छोटा सेन्सर असतो आणि मधले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. जर्नल कॉपी करून पानं वाढवावीत, तसलाच प्रकार.

सेन्सर म्हणजे पावसात ठेवलेली बादली

प्रकाश गोळा करतो तो सेन्सर. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कुठे जास्त साठेल हे सांगायला डिग्री लागत नाही. साध्या छोट्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर असतो, त्याचं माप सुमारे ६.२ बाय ४.६ मिमी. 'एक इंची' म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिमी. यात एक इंच कुठेच सापडत नाही, कारण हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळीच्या बाहेरच्या मापावरून आलंय. क्षेत्रफळ काढा. पहिला साधारण २८ चौरस मिमी, दुसरा ११६. म्हणजे चौपट.

आता गंमत बघा. आजच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनमधला मुख्य सेन्सर १/२.३ इंचीपेक्षा मोठा असतो. म्हणजे तसा छोटा कॅमेरा घेतला, तर खिशातल्या फोनपेक्षा लहान वाटी आपण पैसे मोजून आणली! फोनमुळेच या कॅमेऱ्यांचा बाजार बसला. २०१० मध्ये जगभरात सगळे मिळून १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी बाजारात पाठवले होते, २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा नाहीत.

अॅपर्चरचे दोन आकडे

लेन्सच्या भोकाला अॅपर्चर म्हणतात. आकडा लहान म्हणजे भोक मोठं. उजेड आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे एफ/२ च्या तुलनेत एफ/४ ला चौथा हिस्साच आत येतो. कॅमेऱ्यावर बहुतेक दोन आकडे असतात. पहिला झूम न करता, दुसरा पूर्ण झूमला. दुकानदार पहिलाच मोठ्याने वाचतो. आपण दुसरा वाचायचा!

मामाच्या तीसपट झूमचा निकाल इथेच लागला. अशा खिशातल्या कॅमेऱ्यांत पूर्ण झूमला अॅपर्चर एफ/६.४ च्या आसपास येतं. फिजिक्समध्ये शिकलोय तसं, प्रकाशाचा बिंदू लेन्समधून बिंदू म्हणून उमटत नाही, त्याची चकती होते. तिचा व्यास २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले एफ-आकडा. हिरव्या प्रकाशाला ०.५५ मायक्रॉन धरा, उत्तर येतं साडेआठ मायक्रॉनच्या थोडं वर. २० मेगापिक्सेलच्या १/२.३ इंची सेन्सरवर एक पिक्सेल जेमतेम १.२ मायक्रॉनचा. एक बिंदू सात पिक्सेलवर पसरणार, मग कितीही मेगापिक्सेल असोत. गडावर भर उन्हात फोटो येईल, नाही असं नाही. पण संध्याकाळी घरात तो झूम निरुपयोगी.

डिजिटल झूमकडे तर बघूच नका. तो फोटो कापून मोठा करतो. दुप्पट केला की २० चे ५ मेगापिक्सेल उरतात.

अंधार कसा मोजायचा?

मीटर विकत आणायची गरज नाही. फोनच्या गॅलरीत आवडता फोटो उघडा आणि डिटेल्स बघा. शटर, आयएसओ, अॅपर्चर सगळं लिहिलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेल्यात ही माहिती राहत नाही, म्हणून मूळ फोटोच बघा. आयएसओ जितका जास्त, तितका त्या जागी उजेड कमी. तुमचे लाडके दहा फोटो काढून आकडे वहीत मांडा. मी फोटोग्राफी क्लबमधले दोन कॅमेरे मागून आणले आणि आमच्या चार जागा तपासल्या.

पहिली जागा, दिवा–रोहा मेमूची खिडकी. जिते, हमरापूर, पेण, कासू असं करत गाडी जाते. ताशी ७२ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २० मीटर. शटर १/१००० ला ठेवलं तर तेवढ्या वेळात गाडी २ सेंटिमीटर सरकते. रुळालगतचा खांब फिसकटतो, लांबचे डोंगर स्वच्छ येतात. दिवसा उजेड भरपूर, त्यामुळे इथे फोन आणि कॅमेरा दोघेही पास.

दुसरी, पेणचा गणपतीचा कारखाना. श्रावणात डोळ्यांची आखणी चालू असते, तेव्हा परवानगी विचारून एका कोपऱ्यात उभं राहायचं. कारागिराचा हात थांबला तर काम अडतं, म्हणून फ्लॅश बंद. इथली अडचण वेगळी आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर फार जलद ठेवलं की फोटोत पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ, एक काळपट. १/१०० किंवा १/५० ठेवलं की सुटलो. शिवाय खिडकीचा उजेड निळसर आणि ट्यूबचा हिरवट, त्यात पितांबराचा पिवळा रंग बिघडतो. पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स हाताने लावता आला पाहिजे. ही सोय नसलेला कॅमेरा मी यादीतून काढला.

तिसरी, रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांची मानवंदना घेऊन ती निघते आणि गावभर फिरते. पहाटेचा उजेड, सतत हलणारी माणसं. फोनचा नाइट मोड अनेक फोटो एकावर एक रचतो. देऊळ स्थिर असल्यामुळे सुंदर येतं, पण खांदेकऱ्यांचे चेहरे विरघळतात. इथे १/१२५ चं शटर हवं, म्हणजे मोठा सेन्सर आणि मोठं भोक.

चौथी जागा, आजीचं देवघर. समई आणि एक बल्ब. हाच आमचा सगळ्यात काळोखातला फोटो, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा.

आकडे काय म्हणाले

दोन्ही कॅमेरे एक इंची, दोन्ही २०.२ मेगापिक्सेलचे. एक सोनीचा पहिला आरएक्स १००, २०१२ सालचा, एफ/१.८ ते ४.९. दुसरा कॅननचा पहिला जी७ एक्स, २०१४ सालचा, एफ/१.८ ते २.८. झूम न करता दोघांनाही देवघरात १/६० शटरला आयएसओ १६०० लागला. बरोबरी!

पण आजीचा फोटो झूम न करता जवळून काढला की नाक मोठं दिसतं, आणि कॅमेरा जवळ आला की ती पदर सावरून पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ बसते. तिचा खरा चेहरा हवा असेल तर लांब दाराशी उभं राहून झूम करावा लागतो. तिथे एफ/४.९ ला उजेड साडेसातपट कमी होतो, म्हणजे तोच फोटो काढायला आयएसओ १२,००० च्या घरात जायला हवा. सेन्सरला ते झेपत नाही, सुरकुत्यांच्या जागी रांगोळी येते. एफ/२.८ ला मात्र ४,००० च्या आत भागतं. आमचा निकाल इथे लागला. सोनीचा कॅमेरा हलका आहे आणि बॅटरीही जास्त टिकते. नुसता प्रवास असता, तर मी तोच घेतला असता.

जुना घेताना

नवा एक इंची कॅमेरा आमच्या बजेटमध्ये बसत नव्हता, म्हणून मुंबईत फोर्टच्या बाजारातून वापरलेला घेतला. जाताना ही यादी खिशात ठेवा:

१. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कॅमेरा परत द्या.
२. झूम दहा वेळा आत-बाहेर करा. करकर आवाज किंवा अडखळणं नको.
३. एफ/८ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ, आणि अशा कॅमेऱ्यात ती घरी पुसता येत नाही.
४. बॅटरी फुगलेली नको आणि तीच बॅटरी आजही मिळते का ते बघा.
५. फार जुन्या कॅमेऱ्यात कार्ड तपासा. २००६ च्या आधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना २ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड वाचता येत नाही. एक्सडी कार्डवाला तर फुकट मिळाला तरी विचार करा.
६. बिल आणि सीरियल नंबर घ्या.

आपल्या हवेचं काय?

रायगडच्या पावसाळ्यात चपलेलाही बुरशी येते, मग लेन्सला का येणार नाही? चामड्याच्या किंवा कापडी पाऊचमध्ये कॅमेरा महिनोन्महिने ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून थोडं वापरणं, एवढं पुरतं. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगला जाणार असाल, तर साधा कॅमेरा तंबूतच ठेवा. पाण्यासाठी ओएम सिस्टीमच्या टीजी-७ सारखे १५ मीटर खोलीपर्यंत चालणारे कॅमेरे असतात. पण त्यांचा सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे नदीत राजा आणि देवघरात रंक.

मग कॅमेरा घ्यायचाच का?

दरवेळी नाही. तुमच्या दहा फोटोंपैकी नऊ उन्हातले असतील, तर आहे तो फोन वापरा आणि वाचलेल्या पैशांत एक ट्रिप जास्त करा. आकडे वेगळं सांगत असतील तरच खर्च करा.

घेतलात, तर पहिल्याच दिवशी तारीख-वेळ नीट लावा. कार्डावरचे फोटो दोन वेगवेगळ्या जागी उतरवा. आणि दरवर्षी निदान चाळीस फोटो ४ बाय ६ मध्ये छापून घ्या, मागे पेनाने नाव आणि तारीख लिहा. आमच्या आजीच्या सातव्या अल्बममध्ये सध्या बावन्न फोटो आहेत. मामेबहीण पहिल्या पानावर आहे. मामाचं अजून म्हणणं आहे की झूम कमी पडतो, पण समईसमोर हसणाऱ्या आजीचा १२ बाय १८ चा फोटो बाहेरच्या खोलीत खिळा ठोकून लावला, तो त्यानेच.