ट्रॅक्टरला पेलेल तीच ट्रॉली

ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो, एवढ्यावरून ती त्यास योग्य आहे असे मानू नये. ओढण्याहून थोपविणे कठीण. म्हणून ट्रॉली निवडताना अश्वशक्तीबरोबर ट्रॅक्टरचे वजनही पाहावे. २ टनांच्या ट्रॅक्टरमागे उसाने भरलेली ८ टनांची ट्रॉली असली आणि दहास एक असा उतार लागला, तर एकट्या ट्रॉलीचा रेटा सुमारे ८०० किलो होतो. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागील चाकांनाच असतात. ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक नसेल, तर हा सारा रेटा त्या दोन चाकांनी थोपवावा लागतो.

दुचाकी ट्रॉली भरताना बैलगाडी आठवावी. गाडी उलाळ झाली की जू मानेवरून उचलले जाते. तद्वत् भार मागे गेल्यास ट्रॅक्टरची मागील चाके हलकी होऊन घसरतात. भार फार पुढे आल्यास पुढील चाके उचलतात व ट्रॅक्टर वळविता येत नाही. तो किंचित पुढे असावा. जुन्या गाडीवानास हे शिकवावे लागत नाही! चारचाकी ट्रॉलीचा दाब हुकावर फारसा येत नाही. उतारावरील रेटा मात्र तोच.

उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक आढळतात. त्यामुळे इंजिनाचा अटकावही नाहीसा होतो. रस्त्यावर ब्रेकची दोन्ही पेडले एकत्र जोडलेली असावीत. एकच दाबले गेल्यास ट्रॅक्टर एकदम त्या बाजूस वळतो आणि मागील ट्रॉली त्यास आडवा ढकलते.